ओढ्यापलीकडची जागा

प्रीती शेवटच्या पानाकडे वळणार, एवढ्यात सरपंचांनी हात वर केला.

"बास बाळ, लई झकास सांगितलंस. आता गावाला बोलू दे."

प्रीतीचं बोट बटणावरच राहिलं. शाळेच्या भिंतीवर तिनं केलेला गावाचा नकाशा उजळला होता आणि त्यात पूर्वेला, ओढ्यापलीकडे, एक लाल गोल होता. जागा क्रमांक दोन. गावाचा कचरा डेपो तिथं व्हावा, असं तिच्याच आराखड्यात निघालं होतं. पुण्याच्या कॉलेजात ती नगररचनेच्या पदव्युत्तर वर्गाला होती. तिनं आपल्याच गावाचा आराखडा केला म्हणून तिचे सर कौतुकानं एवढ्या लांब, थेट ग्रामसभेला आले होते आणि पहिल्या रांगेत बसले होते.

तीन जागांना तिनं गुण दिले होते. रस्ता, जमिनीचा उतार, विहिरींपासूनचं अंतर, आणि सगळ्यात जास्त वजन वाऱ्याला. वर्षातले बहुतेक दिवस इथं वारा पश्चिमेकडून येतो, म्हणून घाण पूर्वेला ठेवायची. पुस्तकात तसंच आहे. पूर्वेला भीमनगर होतं. तिचं स्वतःचं घर त्याच वस्तीत होतं. पण वस्ती गायरानावर, घरांची नोंद कुठंच नाही, त्यामुळे गणिताच्या लेखी तिथं कुणीच राहत नव्हतं.

हे सगळं तिनं शेवटच्या पानावर मांडलं होतं. वस्तीचं नाव, तिथली माणसं, आणि ही जागा अजिबात घेऊ नये, हे स्पष्ट वाक्य. आधी शास्त्र मांडायचं, आक्षेप शेवटी, अशी त्यांच्या विषयातली रीत. ती हुशार विद्यार्थिनी होती, तिनं रीत पाळली. आता तिला त्या हुशारीची किळस आली.

"एकच पान राहिलंय, सरपंचसाहेब. तेच महत्त्वाचं आहे."

"छापून दिलंयस की. वाचतो सावकाश." सरपंच शरणबसप्पा हसले आणि सभेकडे वळले. "बघा मंडळी. आपल्या वाडवडलांनी नुसतं वारं बघून गाव वसवलं. कोण कुठं ऱ्हायाचं, ते बी तवाच ठरलं. आज ह्या पोरीनं कंप्युटरवर हिशेब केला, तर उत्तर त्येच आलं. आन् पोरगी कुठली? भीमनगरची. आता आमी मनानं लादलं, असं कुणी म्हणायचं न्हाय."

लोक हसले. कुणी दुष्टपणानं हसलं नाही, तेच जास्त लागलं. सरांनीही मान डोलावली. त्यांना त्यातलं शास्त्र तेवढं ऐकू आलं असावं.

"कुणाची हरकत असंल तर आत्ताच बोला. ठराव झाल्यावर कुरकूर नको."

भीमनगरची माणसं मागं बसली होती. प्रीतीनं वडलांकडे पाहिलं. कोंडिबा एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. सगळी वस्ती त्यांच्या तोंडाकडे बघून उठायची-बसायची. पाण्याच्या टाकीच्या वेळी त्यांनी ह्याच सरपंचांना भर सभेत गप्प केलं होतं. प्रीतीनं डोळ्यांनीच विनवलं. बाबा, मला बोलू देत नाहीत. तुम्ही बोला.

कोंडिबा उठले. त्यांना सगळं कळलं होतं. रागानं आवळलेला त्यांचा जबडा तिला एवढ्या लांबूनही दिसला. त्यांनी आधी सरपंचांकडे पाहिलं, मग पहिल्या रांगेतल्या सरांकडे, आणि मग तिच्याकडे. जबडा हळूहळू सैल झाला.

"लेकीनं काढलंय, ते बराबरच असंल," ते म्हणाले. "आमची काय हरकत न्हाय."

"आवं कोंडिबा, आपल्या दाराम्होरं..." मागून मथुराबाई बोलू लागल्या. कोंडिबांनी हातानंच त्यांना खाली बसवलं. वस्तीतलं दुसरं कुणी उठलं नाही. हात वर झाले, ठराव झाला. सरपंचांनी प्रीतीच्या हातात नारळ दिला, टाळ्या वाजल्या.

शाळेच्या फाटकाबाहेर तिनं वडलांना गाठलं.

"बाबा, का न्हाय बोललात? तुमी बोलला असता तर ठराव थांबला असता."

"थांबवला असता की. म्या काय भेतो व्हय त्यांना?" कोंडिबांनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. "पण तुझं सर समोर बसलं हुतं. त्यांच्याम्होरं बापानंच म्हणायचं, लेकीचं चुकलं? नापास केलं असतं म्हंजी? डेपोचं बघू म्होरं कायतरी. तुझी डिगरी गेली असती तर कुठनं आणायची?"

निकाल मागच्या महिन्यातच लागला होता. हाच आराखडा वर्गात पहिला आला होता, शेवटच्या पानासकट. फोनवर सांगण्यात काय मजा, घरी जाऊन बाबांच्या हातात पेढा ठेवून सांगू, म्हणून तिनं ते राखून ठेवलं होतं. पेढ्यांचा पुडा अजून तिच्या बॅगेत होता. तिला रडू आलं आणि वडलांचा रागही आला, आणि त्यांच्यावर रागावता येत नाही याचा त्याहून जास्त आला.

कोंडिबांनी तिच्या हातातला नारळ घेऊन आपल्या पिशवीत टाकला.

"झालीस न्हवं पास?"

"झाले, बाबा."

"मंग वस्ती फुकट न्हाय गेली," कोंडिबा म्हणाले.