घड्याळजींचा तास

जे नुसते घेतात, कधी देत नाहीत, त्यांची नावं वेळपेढीतून काढणार, ही बातमी गल्लीत पसरली आणि शिंपीणबाईंनी हातातलं शिवण खाली ठेवलं. म्हणजे घड्याळजी गेलेच की.

वेळपेढीला आता सरकारी मान्यता मिळायची होती. सामाजिक अर्थव्यवस्थेचं नवं धोरण आलं, मग नियमही आले. पेढीचा मूळ हिशेब साधा होता. एक तास कुणासाठी राबायचं, अडल्यावेळी दुसऱ्या कुणाचा तास घ्यायचा. डॉक्टरीणबाईंचा तास आणि झाडणाऱ्या मावशींचा तास एकाच मोलाचा. शिंपीणबाईंना याचं अजून नवल वाटायचं. इतकं साधं कुणाला आधी सुचलं कसं नाही?

नवरा गेला तेव्हा त्यांनी शिवणयंत्रावर चादर टाकली आणि तोंडाला कुलूप घातलं. घरात कुणाशी हूं नाही की चूं नाही. शेवटी सुनेनंच त्यांचं नाव पेढीत घातलं. म्हणाली, पलीकडच्या घड्याळजींची नजर गेलीय, दुपारी तासभर पेपर वाचून दाखवायला कुणीतरी हवंय.

पहिल्या दिवशी आवाज फुटता फुटेना. घड्याळजी खवचट. म्हणाले, “बाई, डोळे गेलेत. आता कानही न्यायचेत का?”

त्या रागानं मोठ्यानं वाचू लागल्या. मग बातमीवरून वाद घालू लागल्या. मग एका दुपारी खळखळून हसल्या, आणि घरी येऊन यंत्रावरची चादर काढली.

आता त्या माणसाचं कसं व्हायचं, असं त्या चार दिवस सगळ्यांना विचारत होत्या. आपलं कसं व्हायचं, हे मात्र कुणाला विचारलं नाही.

तपासणीचे साहेब आले तसं त्यांनी पेढीचं कार्यालय गाठलं.

“साहेब, माझे सगळे तास घड्याळजींच्या नावावर करा. पण त्यांना काढू नका.”

साहेबांनी संगणकात पाहिलं. चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“बाई, तुम्ही दिलेला तास इथं एकही नाही. सगळे घड्याळजींकडून घेतलेले आहेत. तुमच्या सूनबाईंनी तुमच्यासाठी मागितलेले.”

“काहीतरीच काय! वाचून मी दाखवते. नजर नाही हो त्यांना.”

साहेब खुर्ची सारून उठले. मग आवाज खाली आणून म्हणाले, “ते सकाळीच आलेत. तुमचं नाव काढू नका म्हणून सांगायला. माझं घड्याळ बंद पडलेलं दिसलं, तर राहवेना त्यांना.”

त्यांनी आतल्या खोलीकडे बोट केलं. शिंपीणबाईंनी दार हलकेच लोटलं.

खिडकीशी, डोळ्याला भिंग लावून, घड्याळजी केसाएवढी स्प्रिंग चिमट्यानं जागेवर बसवत होते.