न कापलेली पानं

भयकथा लिहून लिहून चंद्रभान गावंडे अमरावती-अकोल्यात एवढा गाजला होता, की आया त्याचं नाव घेऊन पोरांना घास भरवत.

अठ्ठावन्न सालच्या उन्हाळ्यात तो अकोल्याच्या वाचनालयात आपली नवी कादंबरी बघायला गेला. चाळीस घरं फिरून ती पार मळली होती. शेवटची सोळा पानं मात्र कोरी करकरीत. प्रकाशक काटकसरी, पानांच्या जोडलेल्या घड्या वाचकानंच सुरीनं कापायच्या. या घड्या कुणी कापल्याच नव्हत्या.

त्याच पानांत त्यानं नायिकेला, जमुनेला, विहिरीत ढकललं होतं. इतकं देखणं मरण मराठीत दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. आणि ते चाळिसातल्या एकानंही वाचलं नव्हतं! भुतांच्या लेखकाला याहून भयंकर काय?

वाचनालयाच्या वहीत पुस्तक नेणाऱ्यांत शेवटचं नाव केशरबाई मास्तरणीचं होतं. बाई एकट्या राहत. भर दुपारी तो त्यांच्या दारात उभा राहिला.

"शेवट काहून नाही वाचला, बाई? कंटाळा आला?"

"कंटाळा कायचा जी? तिनं हात जोडले. मंग सुरी कशी चालवू?"

"कोणं हात जोडले?"

"तुमच्या जमुनानं." बाईंनी बाहेर येऊन दार मागं ओढून घेतलं. "खरं सांगा, शेवटी मारता का तिले?"

"मंग! विहिरीत ढकलून..."

"हळू बोला ना," बाई कुजबुजल्या. "आत बसली हाय."

आत इतका वेळ पाटा-वरवंटा चालला होता. तो थांबला.