जिन्यापर्यंत

शेवटच्या सकाळीही आईनं गाण्या-वाजवण्याच्या खोलीचं दार लावलं, भिंतीभर स्वतः चिकटवलेल्या फोमवरून हात फिरवला आणि म्हणाली, “गाते आता घसा फाडून. कुणाच्या बापाला ऐकू जायचं नाही.” चारचौघांत गुणगुणायलाही लाजणारी बाई इथे मोकळ्या गळ्यानं बेसूर गायची. बाजूला व्हायोलिन जुळवणारी लेक नेहमीसारखी गप्प राहिली. त्याच रात्री आई झोपेत गेली. महिन्यानं दादा सुरी घेऊन फोम सोलायला लागला. “आवाज अडवायला लावलेला ना? आता आवाजच नाही. इथे माझं ऑफिस थाटतो.” लेकीनं त्याच्या हातून सुरी काढून घेतली. “यानं आवाज कधी अडलाच नाही. फोम फक्त खोलीतला घुमारा खातो. आई रोज जिन्यापर्यंत ऐकू यायची. मी सांगितलं असतं तर ती गायची थांबली असती. खोली आम्हा दोघींची आहे, दादा. उद्यापासून मी गाणार, तिच्याइतकंच बेसूर.”