ताटलीतला पेढा

ओट्याखालची कपाटं साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडी झाली होती. आता कोपऱ्यांत झुरळांच्या गोळ्या ठेवायच्या. कणीक, दूधपावडर, साखर आणि बोरिक पावडर मळून शुभदानं त्या सकाळीच वळल्या होत्या. ताटलीत एक गोळी कमी होती.

सासरे बाहेर पेपर धरून बसले होते. मधुमेह असून चोरून गोड खाणारा माणूस. तिला पाहताच त्यांनी पिठाळ बोटं लेंग्याला पुसली.

"नाना, ताटलीतलं काही खाल्लंत?"

"छे! गोडाला मी हातही लावत नाही."

"नाना, तो पेढा नव्हता. झुरळांचं औषध होतं. खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही. आधी दवाखान्यात चला."

पेपर गळून पडला. आत तापानं पडलेल्या सासूबाईंच्या खोलीकडे नाना बघतच राहिले.

"मी नाही गं खाल्ला. तोंडाला चव नाही म्हणत होती, म्हणून हिला भरवला."