धरतीकंपाचं मशीन

पहिला दगड ट्रकच्या दारावर आदळला, तसं लक्ष्मणने इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगखाली डोकं घातलं. निरुपमा खाली रानातच उभी होती. दुसरा दगड तिच्या पायाशी पडला.

"आ ज मशीन छे! आणे ज धरती हलावी!"

करजणच्या अलीकडे, हायवेपासून बरंच आत, कपाशी काढून झालेलं ते रान. समोर सगळं गाव लोटलेलं, याच मशीनने धरती हलवली म्हणत. काहींच्या हातात काठ्या. भुजच्या भूकंपाला महिनाही झाला नव्हता. बडोद्यातसुद्धा लोक अजून घरात झोपायला धजत नव्हते.

ट्रकच्या पोटाखाली जाड लोखंडी पाट होता. तो जमिनीवर टेकवून थरथरवायचा आणि खालच्या खडकावरून परत येणारा कंप टिपायचा. तेल शोधायची ही एक रीत. निरुपमा या पथकाची मुख्य. परवाच सरपंचांकडे चहा घेताना तिने हे सगळं समजावून सांगितलं होतं. आज सरपंचांचा पत्ता नव्हता.

ती गुजरातीत बोलू लागली. हे मशीन जमीन हलवतं, पण अगदी एवढीशी...

"हलावे तो छे ने!" गर्दी उसळली. आपण काय बोलून बसलो हे तिच्या ध्यानात आलं, पण उशिरा.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा पुढे आला. पांढऱ्या मिशा, उन्हातही अंगात खाकी स्वेटर. त्याने हात वर केला आणि काठ्या जागच्या जागी थांबल्या.

"मराठी ना तुम्ही? बोलण्यावरून कळलं. मी हंबीरराव. बडोद्याला, मकरपुऱ्याच्या कारखान्यात होतो, आता इथं मुलाकडे असतो." जरा थांबून तो म्हणाला, "आमची लेक संयोगिता भुजला दिली होती."

निरुपमा दोन पावलं त्यांच्याकडे गेली.

"पेपरात आलंय, बाई. लढाई न करता गावंच्या गावं पाडायची, असं यंत्र केलंय म्हणे परदेशात. मीच वाचून दाखवलं यांना."

"असं यंत्र नाही, काका."

"नाहीच?"

"नाही."

"मग कोयनेचं काय? धरणात पाणी साठवलं म्हणून हलली म्हणतात. पाण्यानं हलते, मग यंत्रानं का हलू नये?"

याचं खरं उत्तर लांबलचक होतं. पाण्याचा भार, आधीच ताणलेला खडक. जमिनीत खोलवर पाणी कोंबलं की बारीक धक्के बसतात, हेही तिला ठाऊक होतं. पण हे सगळं काठ्यांसमोर सांगायचं? काचेआडून लक्ष्मण हात जोडत होता. नाही म्हणा, ताई. नुसतं नाही म्हणा.

"माणसाच्या हातून लहानसहान धक्के बसतात," ती म्हणाली. "खडक आधीच ताणलेला असेल तिथे. पण भुजला झालं तेवढं कुणाच्याच हातात नाही. या ट्रकच्या तर नाहीच नाही. तुम्हाला खोटं सांगणार नाही मी."

हंबीररावांनी मागे वळून ते गुजरातीत सांगितलं. सगळं सांगितलं की निम्मंच, तिला कळलं नाही. कुजबूज वाढत गेली. मागून एका बाईने खरं सांगायला विनवलं, "बेन, साचुं बोलो."

"लक्ष्मण, चालू कर."

"ताई, जिवंत सोडणार नाहीत आपल्याला!"

"चालू कर म्हणते ना."

पाट जमिनीला टेकला. घरघर सुरू झाली आणि चढत गेली. पुढची माणसं ओरडत मागे पळाली. एकीने पोर छातीशी घट्ट धरलं. निरुपमा पाटाजवळ बसली, मातीवर हात ठेवला, मग उठून बांधावरच्या बाभळीकडे चालू लागली. लोक तिच्या मागून, अंतर राखून. बाभळीखाली ती पुन्हा बसली.

"आता इथे हात लावून बघा."

कुणी पुढे होईना. शेवटी हंबीरराव गुडघे धरत खाली बसले. मग आणखी एक. मग बरेच. एका तरुणाने चपला काढल्या आणि तो अनवाणी उभा राहिला, डोळे मिटून.

"कंई नथी," तो म्हणाला. "अरे, कंई ज नथी!"

काहीच जाणवत नाही म्हटल्यावर कुणीतरी हसलं, भीती सुटल्यावर माणूस हसतो तसं. पोराला घेतलेली बाई गावाकडे वळली, तिच्यामागे दोघंतिघं. काठ्या टेकत टेकत बाकीचेही निघाले. बघता बघता बांध मोकळा झाला.

हंबीरराव मात्र उठले नाहीत. दोन्ही तळवे मातीवर तसेच पसरलेले.

"काका, पटलं ना?"

"बंद करा ते."

तिने लांबूनच लक्ष्मणला खूण केली. घरघर थांबली. रानात एकदम सगळं शांत झालं. वर बाभळीची एखादी शेंग तेवढी वाजत होती.

हंबीररावांनी तळवे उचलले नाहीत.

"अजून हलतंय, बाई."

निरुपमा त्यांच्या शेजारी बसली. त्यांच्या हाताला लागून तिने आपला हात मातीवर ठेवला. नाही म्हणायला तिने तोंड उघडलं, आणि तशीच बसून राहिली.