काठ सोडून

होडीतून बास मासे धरणाऱ्यांना लोरीन जन्मभर आळशी म्हणत आली होती. म्हणूनच कोल्बीच्या वाढदिवसाला तिने स्वतःहून कयाक, एकट्याने वल्हवायची चिंचोळी होडी, आणली, तेव्हा तो चाटच पडला.

"आई, मग काठावर तुझ्याशेजारी कोण बसणार?"

"लहानपणापासून बसलास, पुरे झालं. मोठे मासे आत गेलेत, तूही जा. माझ्या कानाशी भुणभुण नको."

कोल्बीला ते लागलं. पहिल्याच सकाळी तो फणफणत वल्हं मारत तळ्यात आत गेला. मासा मात्र असा दांडगा लागला की राग विसरून, मासा उंच धरून, तो आईला दाखवायला काठाकडे आला. लोरीनने त्याच्याकडे तोंड करून नेहमीच्या झोकात गळाची काठी फिरवली, आणि तिची दोरी थेट त्याच्या मांडीवर येऊन पडली.

गळ कुठे रुतला की काय म्हणून दचकून त्याने चाचपलं. गळ नव्हताच. वजनासाठी दाताने दाबून बसवलेली शिशाची गोळी तेवढी दोरीला होती. गळाच्या इवल्याशा भोकात दोरी ओवणं आईला कधीपासून जमत नव्हतं, कोण जाणे. शेजारी बसून त्याला ते कधीतरी दिसलंच असतं.

"कोण आहे रे तिकडे?" डोळे बारीक करत लोरीनने विचारलं.

"मी आहे, आई."

"मग असा घुटमळतोस काय? आटप लवकर. तुझ्या लेकीला चर्चच्या शिबिराला सोडायचंय मला. पिकअप गाडी मीच काढते."