फोटोपुरतं बाळ

"आईसारखं बघा त्याच्याकडे," फोटोग्राफर म्हणाला. ऑनलाइन दुकानासाठी बाळाला घेऊन फिरायच्या झोळीचे फोटो चालले होते. मॉडेल शर्वाणी दुसऱ्या बाईचं बाळ झोळीत घेऊन पांढऱ्या पडद्यासमोर उभी होती.

दिव्यांच्या उबेत बाळ पेंगुळलं. त्याचा कोमट श्वास तिच्या गळ्याला लागत होता. ती नकळत डुलू लागली. पडदा, कॅमेरा, माणसं, सगळं धुक्यात विरून गेलं.

"मॅडम, फोटो कधीच झाले," फोटोग्राफर हळूच म्हणाला.

बाळाची आई पुढे आली आणि थबकली. "झोपलाय. राहू द्या थोडा वेळ."

शर्वाणीने एका हाताने नवऱ्याला फोन लावला.

"दत्तकाचा अर्ज भरूया," ती कुजबुजली. "परकं मूल आपलं वाटेल का, म्हणून घाबरत होते. वाटतं रे."